टाक्यांवर न टेकणारा परकर

"ही चरबी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या पोटावरच होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. वर्ध्याजवळच्या मोठ्या रुग्णालयात एका पडद्यामागच्या टेबलावर मी आढ्याकडे बघत पडले होते. आई पडद्याबाहेर माझी पर्स धरून उभी होती.

बाईंनी डाव्या हाताचं बोट पोटावर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक केली. कडेला पोकळ आवाज आला, मध्यभागी बद्द. "ऐकलंस? कडेला आतडी आहेत, त्यांत हवा असते. मध्ये मात्र काहीतरी गच्च भरलंय."

ओव्हेरियन सिस्ट, असं त्या म्हणाल्या. म्हणजे बीजकोशावर वाढलेली, पाण्याने भरलेली गाठ. भीती वाटायला हवी होती. पण मला आधी त्या आवाजाचंच नवल वाटलं. माझ्या पोटात दोन वेगवेगळे आवाज होते आणि मी ते कधी ऐकलेच नव्हते.

दीड वर्षापासून माझं पोट वाढत होतं आणि घरी-दारी सगळ्यांनी मला जाड ठरवलं होतं. आईने माझा भात बंद केला. मी सकाळी चालायला जाऊ लागले. हातपाय काटकुळे झाले, पोट मात्र वाढतच राहिलं. तेव्हा मी देवळीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, रोज वर्ध्याहून एस.टी.ने जाऊन. माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, म्हणून ती नोकरी मिळाली होती. पण ती कायम झालेली नव्हती. वर्ष नीट पार पडलं तर एप्रिलमध्ये कायम करू, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं. मला ती नोकरी हवी होती. त्या नोकरीमुळेच घरातला माझ्या लग्नाचा विषय थोडा लांबला होता.

स्टाफरूममध्ये मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसायची. बिनलग्नाच्या मुलीच्या पोटाकडे लोक कसे बघतात, ते मला पाठ झालं होतं. कोणी सरळ बघत नाही. आधी तोंडाकडे बघतात, मग घड्याळाकडे, मग पोटाकडे.

सहामाही परीक्षा संपताच मी आजार कोणता ते न लिहिता रजा टाकली आणि शस्त्रक्रिया झाली. लॅपरोटॉमी, म्हणजे पोट उघडून केलेली. बेंबीपासून खाली उभा काप. शुद्धीवर आल्यावर मी पहिली मागणी केली ती गाठ बघण्याची. सिस्टर आधी हसल्या, मग विचारून घेऊन आल्या. एनॅमलच्या टबात ती होती. भोपळ्याएवढी, पांढरट, गुळगुळीत, वर बारीक निळ्या शिरा. नऊ किलो. इतके दिवस मी तिच्यावरून पदर घेत होते आणि ती इतकी नीटनेटकी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

मग बायॉप्सी. गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तो रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांबद्दल मला फार लिहिता येत नाही. वॉर्डातल्या पंख्याची पाती मी मोजली, एवढंच. ती तीनच होती, तरी मोजली. रिपोर्ट चांगला आला. त्याच दिवशी टाके निघाले.

निघताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "दोन महिने जड उचलायचं नाही आणि जखमेवर काही आवळून बांधायचं नाही. नाहीतर हर्निया होईल." हर्निया म्हणजे शिवलेल्या जागेतून आतडं बाहेर डोकावणं. मी मान हलवली. बांधायचं नाही याचा अर्थ घरी येऊन परकर घातला तेव्हा कळला. परकराची नाडी बरोबर टाक्यांच्या रेघेवरच येत होती.

पाचव्या आठवड्यात मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी या, नाहीतर संस्था दुसरी बाई बघणार. सलवारीला नाडीऐवजी सैल इलॅस्टिक चालतं, म्हणून मी उत्तरात सलवार-कुडत्याची परवानगी मागितली, कारण न सांगता. 'सर्व शिक्षिका साडीत येतात,' एवढंच उलट आलं. शिवाय माझे सगळे परकर आणि ब्लाउज आता अंगावर पोत्यासारखे लोंबत होते. कपडे सैल होते, पण नाडी होतीच.

सुटीचे दहा दिवस उरले होते. मी वही घेतली आणि प्रयोग सुरू केले. प्रत्येक प्रकार एक तास घालायचा, मग आरशासमोर उभं राहून वळ बघायचा. सुतळीसारख्या नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टी घातली: वळ उथळ, पण खाज. नाडीची गाठ कुशीवर घेतली: चालताना परकर फिरून परत पुढे. खूप खाली बांधला: बसलं की टोचतो. छातीशी बांधला: जखम मोकळी, श्वास कोंडतो.

सहाव्या दिवशी मला शाळेतला आमचा गणवेशाचा बिनबाह्यांचा ट्युनिक आठवला. कॉन्व्हेंटमध्ये तो दहा वर्षं घातला होता. त्याचा सगळा भार खांद्यांवर असायचा, कमरेवर काहीच नाही. मी वहीत चित्र काढलं आणि शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताराकाकूंकडे गेले.

त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "पोरी, हा परकर हाय का झबलं?"

"परकरच, काकू. वरून खांद्याला पट्टे. इथे बरगड्यांखाली एक जाड पट्टी शिवा, तिला निऱ्या पिनांनी लावीन."

"अन् नाडी?"

"नाडी नाही."

"बिननाडीचा परकर!" त्या मशीनवर हात ठेवून हसत सुटल्या. "माह्या जन्मात नाई शिवला मी असा. थांब, माप घेतो." माप घेताना टेप पोटाजवळ आला तशी मी आखडले. त्यांनी टेप न टेकवता, हवेतूनच मोजलं.

सुटी संपली त्या दिवशी तो परकर घालून मी साडी नेसले. एस.टी. खड्ड्यांतून आदळत गेली आणि टाक्यांच्या जागेला काही लागलं नाही. त्या आनंदात मी स्टाफरूममध्ये शिरले.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. रजेआधी माझं पोट मोठं होतं आणि आता ते सपाट होतं.

"या मॅडम!" इतिहासाच्या चौधरी बाई म्हणाल्या. "कुठी गेलत्या? लय वाळून आल्या हो. डिंकाचे लाडू खाल्ले का नाई मंग?"

डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात. दोघी-तिघी हसल्या. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण थांबल्या. एप्रिलमध्ये कायम व्हायचं की नाही, ते त्या थांबण्यात होतं.

एरवी मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला असता. त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "लाडू नाही खाल्ले, बाई. ते बाळ नव्हतं. गाठ होती. नऊ किलोची, बीजकोशावर. मी स्वतः पाहिली."

मग गणिताच्या बाईंनी हळूच विचारलं, "कशी होती?"

मी सांगितलं. रंग, शिरा, टब, सगळं. मग प्रश्नच सुरू झाले. दुखत होती का? आतलं पाणी कसलं? आता लेकरं होतील का? होतील, दुसरा बीजकोश आहे, असंही मी सांगितलं. इतक्या बायांसमोर हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता. मुख्याध्यापिका आत येऊन बसल्या आणि त्यांनीच विचारलं, "मग साडी कशी नेसलात?" परकराचंही सांगावं लागलं. "चिठ्ठीत हे लिहायचं होतं ना," त्या म्हणाल्या. मी काय लिहिणार होते!

मधल्या सुटीत नकाशे ठेवायच्या खोलीत चौधरी बाई माझ्या मागोमाग आल्या. दार लोटलं. मला वाटलं, आता आणखी काही ऐकावं लागणार.

"माह्य ऑपरेशन होऊन सहा वर्स झाले," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "लेकरं बंद कराचं. त्याच्यावरच नाडी बसते रोज. उन्हायात तं आगच होते."

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"कोनाले सांगाव? आमाले वाटलं, असंच राह्यते." मग एकदम, "सकायी लाडवाचं बोललो, मनात धरू नका, मॅडम. तो परकर दाखवता का?"

एप्रिलमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं. पण या अनुभवातून मला खरं काही मिळालं ते त्या नकाशांच्या खोलीत. सगळे माझ्या पोटाकडे वाईट नजरेने बघतात, असं मी धरून चालले होते. काही जणी कदाचित स्वतःच्याच पोटाचा विचार करत असतील. ज्यांच्या पोटावर अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांना मी इतकंच सांगेन: नाडी कुठे येते ते डॉक्टरांना आधीच दाखवा, आणि शिवणाऱ्या बाईला लाजू नका.

मधली सुटी संपल्याची घंटा झाली तेव्हा चौधरी बाई पट्ट्यांची शिलाई बोटाने चाचपत होत्या. त्या दिवशी आम्ही दोघीही आपापल्या वर्गावर उशिरा पोचलो.