बजाबाईच्या मुठीतलं बटण

वैजयंती सोलापुरात होटगी रोडजवळच्या एका लहानशा कारखान्यात वजनकाट्यांची सर्किटं जुळवते. डिप्लोमा झाल्यापासून तेच काम. तिची आई बजाबाई मोडनिंबला, धाकटा भाऊ आदिनाथ आणि भावजय दिपाली यांच्याजवळ असते. अर्धांगानं आईची डावी बाजू गेली आणि आवाज इतका खोल गेला, की हाक उंबऱ्याबाहेर पोचेना. तेव्हा वैजयंतीनं तिला एक घंटी करून दिली. उजव्या मुठीत मावणारं बटण, आत घड्याळात असतो तसला चपटा सेल. बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. बाकी सगळा वेळ आतली चिप झोपलेली. त्यामुळे सेल वर्षभर सहज जाईल, असा तिचा अंदाज होता.

पण सेल आठवड्यातच बसायला लागला. आदिनाथ नवा घालायचा, पुन्हा तेच. एकदा सेल बसल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आईनं बटण दाबलं, कुणी आलं नाही, म्हणून ती एकटीच उठायला गेली आणि मोरीच्या तोंडाशी पडली. हाड शाबूत राहिलं, कपाळ तेवढं सुजलं.

वैजयंती सकाळच्या एसटीनं आली. तिनं घंटी उघडली, मीटर लावला. झोपलेली चिप वीज खातच नव्हती म्हणा ना. मग सेल जातो कुठं? आपल्याच हातच्या वस्तूनं आईला पाडलं, हे तिच्या मनातून जाईना. बोलता बोलता दिपाली म्हणाली, की दुपारी घंटी वाजते म्हणून धावत यावं, तर सासूबाई गाढ झोपलेल्या असतात.

त्या दुपारी वैजयंती आईच्या उशाशी बसून राहिली. आईचा डोळा लागला तशी घंटी वाजली. तिनं हळूच गोधडी सारली. आईची मूठ आवळलेली होती आणि अंगठा बटणावर घट्ट रुतलेला. बटण सुटेपर्यंत चिप जागीच राहत होती आणि सेल पीत होती.

आई जागी झाल्यावर तिनं विचारलं, "आये, सोडत का न्हाईस गं?"

"धरल्यालं असलं की झोप लागती," बजाबाई थांबत थांबत म्हणाली. "न्हायतर वाटतंय, मी बोलवीन आन् कुणाला कळायचंच न्हाय."

धरू नकोस, असं सांगायला वैजयंतीची जीभ उचलेना. ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली आणि चिपचा प्रोग्राम बदलला. बटण दाबलं की एकदा घंटी वाजवायची, बटणातून वाहणारी वीज बंद करायची आणि दाबलेलं असतानाच झोपून जायचं. मधूनमधून क्षणभर जागं होऊन बटण सुटलं का, एवढंच बघायचं. सेल उतरायला लागला तर स्वयंपाकघरात आधीच बारीक टीकटीक होईल, अशीही सोय केली.

मग तिनं आईला बटण दाबून धरायला सांगितलं. घंटी एकदा वाजली. मीटरवरचा आकडा झरझर उतरला आणि खालीच राहिला. आईचा अंगठा बटणावर तसाच होता. वैजयंतीनं मोठा श्वास सोडला आणि केव्हाचा निवलेला चहा एका घोटात संपवला.

पुढं सुगी आली नि गेली, तरी सेल तोच आहे. दिपाली आता निर्धास्तपणे परसात भाजी खुरपते. वैजयंती फोनवर पहिल्यांदा घंटीची चौकशी करायची. हल्ली आई काय जेवली ते विचारते आणि घंटीचं विचारायचं कधी कधी विसरूनही जाते.