मुकादमानं बिघडवलेली सडक

कडूबा मुकादमाला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, ती म्हणजे त्यानं बांधलेली सडक. देऊळगाव राजाच्या वाटेवरचा आमचा कसबा तसा कशासाठीच नावाजलेला नव्हता. पण वऱ्हाड-मध्यप्रांताच्या त्या दिवसांत सर्व्हिस मोटर नवी नवी धावू लागली आणि मोटरीतले लोक म्हणू लागले, "या गावात आलं का कंबर सुखी होते." हे वाक्य कडूबानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना तो ते सांगत असे. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही.

घोळ असा झाला की सडक जितकी गुळगुळीत झाली तितकी मोटर माजली. पूर्वी खड्डे होते तेव्हा निवृत्ती ड्रायव्हर तिला व्यायलेल्या गाईसारखी चुचकारत आणायचा. आता बाजाराच्या उतारावरून भोंगा वाजवत सुसाट. आणि गावाचा गोड्या पाण्याचा आड नेमका सडकेच्या पलीकडे. डोक्यावर पाण्याचे दोन भरलेले गुंड, म्हणजे हंडे, असलेल्या बाईला मान वळवता येत नाही, पळता तर त्याहून येत नाही. तिनं ऐकायचं आणि देवाचं नाव घेऊन पाऊल टाकायचं.

एका सकाळी सोजराबुढी अशीच पाऊल टाकत होती. मोटर अंगावर आली, बुढी बाजूला फेकली गेली, मनगट मोडलं. कडूबाची बायको रुखमाबाई तिच्यामागे दोनच पावलं होती. ती घरी आली, गुंड खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "तुमची सडक लय मस्त झाली बरं. आता तिच्यावर मरालेबी मऊ लागन."

कडूबा त्या दिवशी धड जेवला नाही. संध्याकाळी निवृत्तीला गाठून म्हणाला, "हळू आन ना बाप्पा गावातून."

"मुकादम, सडकच मोटरीले म्हणते पय, जोरात पय," निवृत्ती बिडी पेटवत म्हणाला. "मी काय करू?"

मग कडूबानं कुदळ उचलली. आपल्याच हातानं दाबून बसवलेल्या गिट्टीवर पहिला घाव घालताना त्यानं तोंड फिरवलं म्हणतात. आडासमोर त्यानं सडकेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वीतभर उंच बांध घातला, उंबऱ्यासारखा उभा आणि ताठ. मोटर हळू झाली, यात शंका नाही. पण बाजाराच्या दिवशी महादेवरावांची कापसाची गाडी त्यावर आदळली, आख मोडला, आणि सगळी सडक पांढरी झाली.

गावकमिटीचे अध्यक्ष हिंमतराव चालत आले. "कडूबा, तुले सडक बनवाची तनखा भेटते का बिघडवाची?"

"मोटर तं हळू झाली ना, बापू."

"मोटर हळू झाली अन् गाडी मोडली. दोन्हीचं जमव, नाई तं इतवारी हा उंबरा उखडून टाक."

घरी रुखमाबाई भाकरी थापत होती. बांध उखडला तर उद्या कोणाची पाळी, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाकरी उलटताना रुखमाबाईनं विचारलं, "वावरात धुऱ्याच्या बांधावरून गाडी कशी नेता तुमी?"

"कशी म्हंजे? उतार करून."

"मंग इथीसा काऊन उंबरा घातला? आंधी बैल चढू द्या, मंग चाकं, मंग उतरू द्या सावकाश. घाई फक्त मोटरीले हाय."

शाबासकी देण्याची कडूबाच्या घराण्यात पद्धत नव्हती. सकाळी त्यानं दावं घेऊन बैलगाडी जुवापासून शेवटापर्यंत मापली आणि बांध फोडून त्याच जागी तेवढा रुंद उंचवटा केला: वर सपाट, दोन्हीकडे सरळ उतार. दोन्ही कडांना मोठे धोंडे रोवून सडक तिथं इतकी अरुंद केली की एका वेळी एकच गाडी जावी.

इतवारी हिंमतराव परीक्षा घ्यायला आले. महादेवरावांचीच गाडी, नवा आख घातलेली, डुलत चढली आणि डुलत उतरली. राहिली मोटर. कडूबानं पाण्यानं काठोकाठ भरलेला गुंड आणला. "बापू, तुमी पुढं बसा अन् हा मांडीवर घ्या. सांडलं का नाई, तुमालेच कळन."

नको कसं म्हणणार? अख्खा बाजार पाहत होता. हिंमतराव गुंड घेऊन बसले. निवृत्तीला आपला हात दाखवायचा होता. तो उतारावरून नेहमीसारखा आला. मोटर उडाली, गुंड उडाला, आणि अध्यक्षांचं कोरं धोतर पायापर्यंत चिंब झालं.

"आता हळू आन बे!" हिंमतराव ओरडले. कडूबानं गुंड पुन्हा भरून दिला. दुसऱ्या खेपेला मोटर अंगणात शिरल्यासारखी आली. थेंब सांडला नाही.

हिंमतराव उतरले, धोतराचा सोगा पिळला. "राहू दे," एवढंच म्हणाले आणि कपडे बदलायला गेले.

त्यानंतर आडावरच्या बाया सडक ओलांडताना मोटर धोंड्यांपाशी उभी राहू लागली. इतकी निमूट, की बायांची भीड चेपली. मनगट बांधलेली सोजराबुढी उंचवट्यावर मधोमध थांबून निवृत्तीला विचारी, "चिखलीले माही लेक दिसली का रे?" तिच्यामागच्या बाया उत्तर ऐकायला थांबत. मोटरीतले लोक घड्याळं काढत.

आठवड्याभरानं निवृत्तीच कडूबाकडे आला. "मुकादम, सडकेचं तं केलं तुमी. आता या बायायचं काई करा ना."

कडूबा एक सैल झालेला धोंडा बसवत होता. त्यानं आडाकडे पाहिलं. रुखमाबाई सगळ्यांच्या पुढे होती आणि कसल्याच घाईत नव्हती.

"ते काम कमिटीच्या मुकादमाकडं नाई," तो म्हणाला, आणि धोंड्याला आणखी एक ठोका दिला.