पडदाभर बाबा

वाकडं मला खपत नाही. हा स्वभाव जन्माचा की धंद्याचा, ते सांगता येणार नाही. तीसेक वर्षं मी बायकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश आणि ओळखीतल्या पुरुषांचे शर्ट शिवते आहे. समोर माणूस उभा राहिला की त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा किती उतरलाय ते मला आधी दिसतं, चेहरा मागाहून. लग्न मी केलं नाही. त्याचाही या स्वभावाशी संबंध आहे असं माझी आत्या म्हणते. आत्या पुढे येणारच आहे.

मागच्या वर्षी आमचा जुना टीव्ही गेला. पाठीला कुबड आणि तोंड चौकोनी, असा तो टीव्ही होता. घरात आई आणि मी दोघीच. संध्याकाळी दोघींनी एकमेकींकडे बघत बसायची वेळ आली, तेव्हा मुंबईच्या भावाला फोन केला आणि त्याने आठवडाभरात नवीन टीव्ही पाठवला. तो बसवायला रत्नागिरीतून एक गृहस्थ आले. त्यांनी जांभ्याच्या भिंतीला भोकं पाडली आणि सगळी लाल भुकटी माझ्या मशीनवर आणि बेतून ठेवलेल्या गणवेशांच्या पांढऱ्या कापडावर उडवली. मग टीव्ही सुरू करून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "बघा, कसा पिक्चर आहे."

पिक्चर असा होता की बातम्या देणारी बाई नुकतीच हिरवी मिरची चावून बसली आहे असं वाटावं. तिच्यामागची झाडं प्लास्टिकच्या तोरणातली. मी म्हटलं, रंग जास्त झालेत. ते म्हणाले, "कंपनीचं सेटिंग हेच असतं, ताई." चहा घेतला आणि गेले.

पुढचे चार दिवस मी शिवणकाम कमी आणि टीव्ही जास्त केला. भाऊ तिकडून इंटरनेटवर वाचून फोनवर सांगायचा आणि मी इकडे रिमोट दाबायची. व्हिव्हिड काढून सिनेमा लाव, तो म्हणाला. लावला, तर सगळ्या जगाला कावीळ झाली. शार्पनेस शून्यावर आण. आणला, तर बातम्यांच्या बाईचे केस एकदाचे केसांसारखे दिसले. मालिकेतली सासू चालण्याऐवजी घसरत होती, जिन्यावरूनसुद्धा. तेही कसलं तरी सेटिंग निघालं. ते बंद केल्यावर सासू पायांनी चालायला लागली.

रंगाचं मात्र माझं समाधान होईना. आम्हा शिवणाऱ्यांची सवय अशी की कापडाला दोरा लावायचा तर दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरून बघायचे, आठवणीवर जायचं नाही. एका पाककृतीच्या कार्यक्रमात एक बाई सोलकढी करत होती. तिच्या वाटीत ती जांभळी झाली होती. मी उठले, घरातली वाटीभर सोलकढी आणली, ती टीव्हीशेजारी धरली आणि दुसऱ्या हाताने रंग एकेक आकडा खाली आणत गेले. दोन्ही कढ्या सारख्या झाल्या तेव्हा थांबले.

"सांडशील हां," आई म्हणाली. टीव्हीबद्दल ती चार दिवसांत एवढंच बोलली होती.

मग पाचव्या दिवशी तिने विचारलं, "यात आपलं लग्न लागतं काय गो?"

आपलं लग्न म्हणजे भावाचं. त्याची कॅसेट होती, तिची पुढे सीडी केली, आणि आता फोटो स्टुडिओवाल्याने ती एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिली होती. आईला लग्नाशी कर्तव्य नव्हतं. त्या सगळ्या दोन तासांत बाबा चार-पाच मिनिटं दिसतात. पंगतीत वरणाची बादली घेऊन एका टोकाकडून येतात, वाढत वाढत दुसऱ्या टोकाला जातात, मग मोकळी बादली घेऊन परत. एकदा थांबून कॅमेऱ्याकडे बघतात आणि त्यालाच विचारतात, "वाढू काय?" बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. हलते-चालते बाबा असे आमच्याकडे एवढेच आहेत.

मी पेनड्राइव्ह लावला. पंगत आली, बाबा आले. आई पुढे सरकून बसली.

"बघ," ती म्हणाली. "किती बरे दिसतायत."

बरे दिसत होते हे खरं. गाल भरलेले, खांदे रुंद, सदरा अंगावर छान बसलेला. पण माझी नजर गेली ती पंगतीतल्या ताटांवर. ताटं लांबुळकी होती. नवरीच्या कपाळावरचा टिळा आडवा झाला होता. मांडवाबाहेर उभ्या असलेल्या जीपची चाकं अंड्यासारखी. माझ्या लगेच लक्षात आलं. जुनं चित्र चौकोनी, नवा पडदा लांबट, आणि टीव्हीने ते दोन्हीकडून ओढून पडदाभर ताणून बसवलं होतं. तोकडं कापड ओढून शिवलं की कसं दिसतं ते मला कोणी सांगायला नको. मी रिमोट घेतला, पिक्चर साइझमध्ये गेले आणि चार बाय तीन केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मध्ये सगळी मंडळी आपापल्या मापात आली. ताटं गोल, टिळा गोल, चाकं गोल. बाबांच्या गळ्याची हाडं वर आली.

आई मागे सरकून बसली. मग म्हणाली, "बारीक केलंस त्यांना."

"मी नाही केलं. ते तसेच होते."

"एवढा पडदा आहे, तो का वाया घालवतेस?" असं म्हणून ती आत गेली.

इथे बाबांच्या अंगलटीबद्दल सांगायला हवं. बाबा बागायतदारांच्या कलमांवर कामाला असत. फवारणी, राखण आणि हंगामात आंबे उतरवणं. झाडावरच्या कामाला सडपातळ माणूस बरा, आणि बाबा त्याहून दोन पायऱ्या पुढे होते. ते जेवत भरपूर. सकाळी पेज, दुपारी भाताचा डोंगर, रात्री पुन्हा तेच. पण त्यांच्या अंगाला काही लागत नसे. वाडीत याचा दोष झाडांना कोणी दिला नाही, बाबांच्या आतड्यांनाही नाही. दोष आईचा. त्यात पुढे होती ती बाबांची थोरली बहीण, म्हणजे देवरूखची आत्या. ती आली की भावाच्या दंडाला हात लावून बघायची, बाजारात दुधी दाबून बघतात तसा, आणि आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची, "घालतात काय रे तुला जेवायला?" बाबा हसायचे. आई हसताना मी पाहिली नाही.

त्या दिवसापासून घरात एक युद्ध सुरू झालं. मी रात्री झोपताना पिक्चर साइझ बरोबर करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा सगळे फुगलेले. जिला मोबाईलवर आलेला फोन उचलताना अजून तो आधी दोनदा कापावा लागतो, त्या माझ्या आईने टीव्हीच्या सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरायचं कोणालाही न विचारता शिकून घेतलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, हात लागला असेल. मी पुन्हा बरोबर करायची. तिचा पुन्हा हात लागायचा. मला राग येत होता. घरातल्या टीव्हीत आपला बाप चुकीचा दिसतोय हे मला सहन होत नव्हतं, खरं सांगते. बातम्यांच्या बाईसाठी मी सोलकढीची वाटी धरून उभी राहिले, आणि इथे स्वतःच्या माणसाला वाटेल तसं ओढून ठेवायचं?

दिवाळीनंतर आत्या आली. ऐंशीच्या पुढची आहे, पण एसटीतून एकटी येते आणि सीट मिळाली नाही तर मिळवते. जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "वन्सं, लग्न बघायचं काय?" आणि माझ्याकडे न बघता स्वतः टीव्ही लावला. मला तेव्हाच कळलं की हे सगळं कोणासाठी तयार ठेवलं होतं.

पडदाभर बाबा आले, बादली घेऊन. आई टीव्ही बघत नव्हती, आत्याकडे बघत होती.

आत्या म्हणाली, "ही कोण गो म्हैस?"

बाबांच्या मागे, नवरीच्या शेजारी, मोरपिशी शालू नेसून आत्याच उभी होती. आत्या मुळात भरदार. ताणल्यावर तिने अर्धा पडदा व्यापला होता.

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मी नव्हे ही," आत्या म्हणाली. "बिघडलाय तुमचा टीव्ही. नीट कर तो."

इतक्या दिवसांनी घरात एक शहाणं माणूस आलं असं मला वाटलं. मी रिमोट घेतला आणि मोठ्या उत्साहाने चार बाय तीन केलं. आत्या आपल्या मापात आली. "आता बघ," ती समाधानाने म्हणाली. तेवढ्यात बाबा मोकळी बादली घेऊन परत आले, कॅमेऱ्यासमोर थांबले, आणि आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग सवयीने, मनात काही न ठेवता, तिच्या तोंडून गेलं, "काडी होता गो माझा भाव. घालायचीस काय तू त्याला जेवायला?"

आई उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहाला एवढा वेळ लागत नाही. मी आत गेले तर आधण खळखळून अर्धं झालं होतं आणि ती कपाटाला टेकून उभी होती. मी आधणात आणखी पाणी ओतलं. आत्या चारच्या गाडीने गेली. जाताना आईच्या हातात देवरूखहून आणलेली चिवड्याची पिशवी देऊन, तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली. तिला काही कळलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी मशीनवर बसले होते. आई दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तू त्यांचे शर्ट आत घ्यायचीस, ते मला माहीत होतं."

माझा पाय मशीनवर थांबला.

बाबांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. दुखणं कसलं आहे ते त्यांना आणि मलाच माहीत होतं. एक दिवस ते तीन शर्ट घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जरा आत घे गो. ढगळ दिसतात. तुझ्या आईला कळता नये." मी घेतले. दोन महिन्यांनी पुन्हा घेतले. मग पुन्हा. छाती छत्तीस होती ती बत्तिसावर आली, पण शर्ट नेहमी अंगाबरोबर, त्यामुळे बघणाऱ्याला बाबा होते तसेच दिसत. हे काम मी इतक्या सफाईने केलं होतं की मला त्याचा अभिमानही वाटला होता, आणि आईला शेवटच्या महिन्यापर्यंत काही कळलं नाही असं मी आठ वर्षं धरून चालले होते.

"कसं कळलं?" मी विचारलं.

"शर्ट धुवायची कोण? मीच ना. सगळा शर्ट वाळायचा, बाजूची शिवण तेवढी ओली राहायची. उलटून बघितलं तर आत हे एवढं कापड दुमडलेलं." तिने दोन बोटं दाखवली. "पुढच्या खेपेला तीन बोटं."

"बोलली नाहीस कधी."

"तू बोललीस?"

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"कापड कापून टाकलं नव्हतंस तू," ती म्हणाली. "आत राखून ठेवलं होतंस. मी म्हटलं, हिला पण वाटतंय, परत उसवायची पाळी येईल. म्हणून गप्प राहिले. मापाचं मला नको सांगू बाय. तू पण त्यांचं माप झाकत होतीस, आणि..." आणि वाक्य तिथेच सोडून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग तोंड धुऊन आले, टीव्ही लावला, सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरले आणि काळ्या पट्ट्या काढून टाकल्या. ताटं लांबुळकी झाली. जीपची चाकं अंडी झाली. आई सूप बाजूला ठेवून आत येऊन बसली. बाबा बादली घेऊन आले, भरल्या गालांचे, रुंद खांद्यांचे, आणि आमच्यासमोर थांबून म्हणाले, "वाढू काय?"

सवयीने मी त्यांचं नजरेनं माप घेतलं. छाती पंचेचाळीसच्या खाली नव्हती. आत राखून ठेवलेलं सगळं कापड उसवून काढलं असतं तरी पुरलं नसतं. नवीनच शर्ट शिवावे लागले असते.