मीटरची कोरी पाठ

ओमानमधल्या अझैबा भागातल्या एका गॅरेजमध्ये पप्पा जुन्या अमेरिकन गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचे. मीटर कंपनीचा आहे की नंतर बसवलेला, हे ते आधी उलटा करून बघत. "तोंड कोणीही रंगवतो. कारखान्याचा नंबर पाठीवर ठोकलेला असतो," हे त्यांनीच मला शिकवलं.

एकदा अर्बाबची, म्हणजे पप्पांच्या मालकाची, लाल गाडी विकत घ्यायला एक म्हातारा ओमानी आला. गाडीतून काढलेला स्पीडोमीटर पप्पांच्या हातात देऊन तो हिंदीत म्हणाला, "तू सांग. तुझा शब्द मला पुरे."

पप्पांनी मीटर उलटा केला. पाठ कोरी होती, मलाही दिसली. अर्बाब शेजारीच उभा होता.

"ओरिजिनल," पप्पा म्हणाले.

"पप्पा, नंबर कुठाय?" मी मराठीत विचारलं.

"गप बस. आपला व्हिसा अर्बाबच्या हातात आहे."

व्हिसावरची एका माणसाची सही दुसऱ्याच्या जिभेवर कशी बसते, ते मी त्या दिवशी पाहिलं. म्हाताऱ्याने पप्पांचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. हिंदीत मला एकच वाक्य बोलायचं होतं. पण माझा व्हिसा पप्पांच्या व्हिसावर अवलंबून होता. मीही गप्प बसले.