'ये' म्हणणारं घुबड

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये आमच्या शेजारी एक वयस्कर पोलिश बाई राहतात. त्यांना मी मावशी म्हणतो आणि त्या या हाकेला ओ देतात. त्या हिवाळ्यात त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी कुंपणापाशी मावशी हळूच म्हणाल्या, "आज पुइच्का ओरडली."

पुइच्का म्हणजे छोटं घुबड, आपल्या पिंगळ्याचं भावंडच. पोलिशमध्ये 'पुइच' म्हणजे 'ये'. आजाऱ्याच्या खिडकीशी ते 'ये, ये' ओरडतं, म्हणून हे नाव. आपण पावशाच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' ऐकतो. त्यांना थेट वरचं बोलावणं ऐकू येतं.

घाबरलेल्या माणसाला धीर द्यायच्या आधी त्याची चूक दुरुस्त करायची, ही माझी जुनी खोड. "मावशी, ते घुबड अमेरिकेत नसतंच! असं ओरडतं ते," म्हणत मी त्यांच्याच खिडकीखाली फोनवर त्याचा आवाज लावला. जे घुबड या देशात नव्हतं, ते मी हौसेने आणून बसवलं.

आतून काकांचा एकच शब्द आला. मावशी पांढऱ्याफटक पडल्या.

"काय म्हणाले?"

"आलो, म्हणाले."

चार दिवसांनी काका गेले. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

एप्रिलमध्ये, लख्ख उन्हात, तारेवरून तोच आवाज आला. पुइच. पुइच. पाहतो तर स्टार्लिंग, आपल्या साळुंकीची चुलतबहीण, नकलांत पटाईत. मावशी कुंपणाशी आल्या.

"ही ऐकलेलंच बोलते. तू तो आवाज किती वेळा लावलास?"

"एकदाच."

धडधडीत खोटं. काका गेले त्याच आठवड्यात आमच्याकडे पॉटलक होतं, ज्याने-त्याने पदार्थ आणायची पंगत, आणि मित्रांवर छाप पाडायला मी घरामागच्या डेकवर तो आवाज लावून घुबडाच्या किश्श्याची रोज तालीम करत होतो. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"एकदा ऐकून कुणी शिकत नाही," मावशी पुटपुटल्या. त्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले, मान वर केली. त्या हाकेला उत्तर द्यायला ओठ उघडले.

"थांबा मावशी! आठवडाभर लावत होतो. आमच्या डेकवर."

मावशींनी ओठ मिटले. मग हसल्या, ते हसू मला अजून आवडलेलं नाही.

"तुझ्या डेकवर? मग मला कशाला बोलावेल ती?"

त्या घरात गेल्या. तारेवरून पुन्हा हाक आली. लहानपणापासून हाकेला ओ द्यायची सवय. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.