अंजनाखालचं गवत

जेसीबी सोमवारी येणार होता. खकनारजवळच्या एका चरणोईवरची, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेल्या जमिनीवरची, अंजनाची झाडं काढून तिथं गवत पेरायचं ठरलं होतं. आणि ते ठरलं होतं माझ्याच रिपोर्टवरून.

भादव्यात मी तिथलं गवत मोजलं होतं. पद्धत साधी आहे. मीटरभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची, आतलं गवत कापायचं, वजन करायचं. मोकळ्यावर जास्त भरलं, झाडांखाली कमी. तसं मी लिहून दिलं.

शनिवारी झाडांवर चुन्याच्या खुणा करायला गेले. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन टोचत होतं. काशीबाई गावाची गुरं चारतात. खुणा कशाच्या, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत.

“बाई, भादव्यात तर दगडावर पण हिरवं राहते,” त्या म्हणाल्या. “गुरांना आता पोट नाही का? आता मोजा ना.”

चौकट जीपमध्येच होती. मोकळ्यावर टाकली तर आत वाळकी खुंटं. विरळ अंजनांखाली टाकली, तर बुडाशी अजून हिरवं गवत, चांगलं पिशवीभर. नाल्याकाठी झाडं दाट होती, तिथं मात्र नुसता पाला. मग ऑगर फिरवला. ऑगर म्हणजे माती वर काढायचं गिरमिट. मोकळ्यावरचा मुरूम बोटांतून गळून गेला. अंजनाखालच्या मातीचा लाडू वळला.

आता सगळं उलगडलं. पावसाळ्यात पाणी भरपूर, गवताला कमी पडतं ते ऊन. पुढं आमच्याकडची उष्णता सुरू झाली की कमी पडते ती ओल. कुजलेला पाला आणि पातळ सावली ती ओल धरून ठेवतात. सावली दाट झाली की गवतच उगवत नाही.

मी काम मंजूर करणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला.

“मतलब आपकी रिपोर्ट गलत थी?”

“गलत नहीं सर, अधूरी थी.”

रविवारी ते स्वतः आले, उकिडवे बसले, दोन्हीकडची माती मुठीत दाबून बघितली. काशीबाईंशी अर्धा तास बोलले. जाताना मला म्हणाले, नवीन प्लॅन आजच लिहा.

सोमवारी जेसीबी आला. त्यानं उघड्या उतारावर पाणी अडवायला आडवे चर खोदले. दाट झाडीतली फक्त बारकी झाडं काढून आम्ही विरळणी केली, पाऊस पडल्यावर चरांच्या कडेला नवे अंजन लावले. एकही जुनं झाड पडलं नाही. पुढच्या वर्षी होळी उलटून गेली तरी गुरं तिथंच चरत होती. काशीबाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या दिवशी मी ऑफिसात जरा ताठ मानेनंच शिरले.

नव्या पोरापोरींना मी आता एवढंच सांगते: सही करण्याआधी गवत उन्हाळ्यातही मोजा, आणि तिथं रोज जाणाऱ्या माणसाला विचारा. विचारायला चौकट लागत नाही.