पाण्यातला थांबा

मोबाईल खिशाखिशात यायला लागले त्या सुमारास मी एसटीच्या डेपोत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. गाड्यांत नवे डबे बसवले होते. डबा गाडी कुठे आहे ते कळवी आणि माझ्या पडद्यावरच्या नकाशात लाल ठिपका सरके. माझं काम क्रमांकांची साफसफाई. एकाच थांब्याला तीन-तीन क्रमांक, मोडीत निघालेल्या गाडीचा क्रमांक दुसरीच गाडी मिरवतेय. असला पसारा मला अजिबात खपत नाही. माझी यादीच पुढे कंडक्टरांच्या तिकीट मशिनीत जाई.

सगळं सरळ केलं, एक ठिपका मात्र ऐकेना. डिंभ्याकडची चारची गाडी एका वळणावर रस्ता सोडायची, धरणात शिरायची, मिनिटभर पाण्यात उभी राहायची आणि मुकाट रस्त्यावर परतायची. रोज. कारण साधं होतं. जुन्या यादीत बुडालेल्या गावाचा थांबा जुन्या जागीच राहिला होता, आणि गाडी आसपास थांबली की प्रोग्राम तिला तिकडे ओढून न्यायचा. गाडी थांबायची हे खरंच. पाणी चढल्यापासून ड्रायव्हर काठावर मिनिटभर गाडी उभी करत, कंडक्टर गावाचं नाव पुकारी, कुणी उतरो न उतरो. हे ठाऊक असूनही ती वेळ झाली की माझ्या अंगावर काटा यायचा. ते गाव आमचं होतं. ठिपका उभा राहायचा तिथे माझी शाळा होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते दर शनिवारी त्याच गाडीने जात, गावाचं तिकीट मागत आणि परतीची शेवटची गाडी येईपर्यंत काठावर पाण्याकडे बघत बसत. एका शुक्रवारी मी तो थांबा काढून टाकला. पुढचा फाटा आहेच की, दादा तिथे उतरतील, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला त्या ठिपक्याची भीती वाटत होती.

शनिवारी ठिपका वळणावरून सरळ पुढे गेला. मी निवांत चहा मागवला.

दादा त्या दिवशी लवकरच घरी आले.

"कंडक्टर नवा व्हता," ते म्हणाले. "मशिनीत दोनदा बघितलं त्यानं. म्हनला, बाबा, असं गावच न्हाई."

"मग?"

"मग काय. गाडी थांबलीच न्हाई. शेवटाला गेलो, त्याच गाडीनं तसाच माघारी आलो."

सोमवारी आधी थांबा परत घातला. चारची गाडी पुन्हा पाण्यात जाऊन उभी राहिली. घरी येऊन मी सगळं कबूल केलं, आता तिकीट मिळेल म्हणाले. दादांनी मान हलवली, पण पुढच्या शनिवारी ते गेले नाहीत. त्यानंतरच्याही नाही.

काही महिन्यांनी रेशनकार्डाच्या कामाला आलेल्या माणसाने त्यांना मूळ गाव विचारलं. दादा माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "काय सांगू गं? हाये का यादीत?"